मऊ बोलायची तालीम

केवळाबाई निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली की पेशंट व्हायची. दुपारी साडेतीनला नात ड्यूटीवरून यायची, हातपाय धुवायची, दोन घास खायची आणि खिडकीतली कार्डं काढायची. एका कार्डावर खुब्याचं हाड मोडलेली बाई, दुसऱ्यावर साखर वाढलेला म्हातारा, तिसऱ्यावर गोळ्या घ्यायला कंटाळलेली विधवा. केवळाबाईनं चौसष्ट वर्षांत स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. पण त्या सव्वा महिन्यात तिला सगळे आजार होऊन गेले.

नात वर्षाराणी, बजरंगची थोरली. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. इंग्लंडातल्या दवाखान्यात तिची जागा जवळपास ठरली होती, राहिली होती फक्त इंग्रजीची परीक्षा. लिहिणं, वाचणं, ऐकणं तिला पहिल्या फटक्यात जमलं. बोलण्यात, म्हणजे कार्डावरच्या पेशंटला इंग्रजीतून समजावण्यात, ती गेली. आता शनिवारी हैदराबादला पुन्हा बसायचं होतं, आणि या वेळी गेली तर ती जागा दुसरीला मिळणार होती. म्हणून बजरंगनं आईला मुदखेडकडच्या फुलांच्या मळ्यातून उचलून नांदेडला आणून ठेवलं होतं. पोरीला रांधून घाल आणि पोरीचा पेशंट हो, एवढंच काम.

शिकवणारे रविकिरण सर लातूरचे. रविवारी वर्षाराणी एसटीनं लातूरला जायची आणि बाकीचे दिवस खोलीत बोललेलं मोबाइलवर भरून त्यांना पाठवायची. त्यांचं उत्तर आलं की ती मोबाइल कानाला लावायची, पण खोली एवढीशी, केवळाबाईला सगळं ऐकू यायचं.

"वर्षाराणी, तू पेशंटशी बोलत नाहीस, हुकूम सोडतेस. मस्ट, मस्ट, मस्ट. समोर माणूस आहे. तुझ्या आखाड्यावरचा बैल नाही."

"ह्यो बैलाशी तरी नीट बोलत असंल का?" केवळाबाई म्हणायची.

"गप बस गं आजी. खरं बोलून राहिले ते."

खरं असलं तरी केवळाबाईच्या डोक्यात ते जायचं. पोरीची चूक दाखवावी, पण गावाकडचा आखाडा, शेतातला गोठा, कशाला काढावा? तरी ती खुर्चीत बसायची, कारण पोरगी पास होणं गरजेचं होतं. शिवाय, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं तिनं, पण त्या कार्डांत तिला गोडी लागली होती. कुठलं वाक्य आलं की ती विचारायची आणि वर्षाराणी सांगायची. यू मस्ट सिट अप म्हटलं की उठून बसायलाच पाहिजे. शुड म्हटलं की बसलात तर बरं. यू माइट वॉन्ट टू सिट अप म्हटलं की बसावंसं वाटलं तर बसा, मर्जी तुमची. आणि कुड यू सिट अप म्हणजे जरा उठून बसता येईल का.

"बसायचं म्हंजी सिट ना? मग मागं ते अप कशापायी?"

"पडल्याचं उठून बसायचं म्हणून. तसंच असतंय ते. गिव्ह म्हणजे देणं आणि गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं. पुट म्हणजे ठेवणं आणि पुट अप विथ म्हणजे सोसणं."

केवळाबाईनं थोडा विचार केला. "आपलं टाक हाय की ते. खाणं येगळं, खाऊन टाकणं येगळं. करणं येगळं आन् करून बसणं येगळं. रडणं येगळं, रडून घेणं येगळं."

वर्षाराणी कार्ड खाली करून बघतच राहिली. "सरांनी इतक्या दिवसांत हे असं न्हाई सांगितलं."

"त्यांना म्हणावं, आखाड्यावर या. सांगते."

केवळाबाईची एक वही होती, शंभर पानी, बजरंगच्या धाकट्याची उरलेली. त्यात ती इंग्रजी वाक्यं मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची आणि खाली अर्थ लिहायची. अक्षर मोठं, गोल, ओळीच्या बाहेर सांडणारं. खुब्याचं कार्ड तर तिला पाठच झालं होतं. यू मस्टन्ट बेंड डाउन. यू मस्टन्ट क्रॉस युवर लेग्ज. द न्यू जॉइंट माइट कम आउट. खाली लिहिलं होतं: वाकायचं न्हाई, मांडी घालायची न्हाई, सांधा नवा हाय, निसटू शकतो. वर्षाराणी हे सगळं खुर्चीजवळ खाली बसून, केवळाबाईच्या हातावर हात ठेवून म्हणायची. कळतंय का, भीती वाटतेय का, काही विचारायचंय का, असं शेवटी विचारायची. तिच्या तोंडून इतकं मऊ बोलणं केवळाबाईनं कुठल्याच भाषेत ऐकलं नव्हतं.

बुधवारी वर्षाराणीला दुसरी पाळी पण करावी लागली, थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. जोडीची नर्स आली नव्हती. डबा नेला नव्हता, फोन लागत नव्हता. केवळाबाईनं दोन भाकरी आणि वांग्याची भाजी बांधली आणि विचारत विचारत दवाखाना गाठला.

दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड लांबलचक होता. दोन्हीकडून खाटा आणि मधून चालायला वाट. ती दारात पोचली तेवढ्यात तिला नातीचा आवाज ऐकू आला. आवाज ओळखीचा होता, खुर्चीजवळचा नव्हता.

"ए सरजाबाई, किती बार सांगायचं? पाय सरळ कर. कर म्हणते ना. कळत न्हाई का तुला?"

खाटेवर एक वाळकी म्हातारी होती, केवळाबाईपेक्षा सहा-सात वर्षांनी थोरली. तिनं पाय दुमडायला घेतला होता. वर्षाराणीनं तो पाय धरून ओढला, सरळ केला, गुडघ्यांच्या मध्ये उशी कोंबली आणि मागं न बघता पुढच्या खाटेकडं गेली. तिथं "ए बाबा, हात दे" म्हणाली. त्याच्या पुढं "तोंड उघड" म्हणाली. तोंडं उघडत होती, हात पुढं येत होते. कुणाला त्यात काही वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

केवळाबाईची कानशिलं तापली. तिला हाक मारावीशी वाटली, पण चारचौघांत पोरीची इज्जत जाईल म्हणून तिनं ओठ दाबले. डबा टेबलावर ठेवला आणि सरजाबाईच्या खाटेजवळच्या स्टुलावर टेकली.

"कुण्या गावच्या, बाई?"

"रेणापूरकडली. लेक हितं दिलीय म्हून हितं आणलं." सरजाबाईनं डोळे पुसले. "तुमचं कोण हाय हितं?"

"नात."

"कंच्या खाटंवर?"

"खाटंवर न्हाई. ती काय, उंच. नर्स."

सरजाबाईनं पटकन चेहरा बदलला. "चांगली हाय पोरगी. वराडती, पर सुई दुखू देत न्हाई. दुसरी हाय ना, ती नुसती खुपसती."

हे ऐकून केवळाबाईला बरं वाटायला हवं होतं. तिला आणखीनच राग आला. बाई मार खाऊन मारणाऱ्याच्या हाताचं कौतुक करून राहिली, असं तिला वाटलं.

"पाय कशाला दुमडत होता?"

"मांडी घालून बसावं म्हनलं. आठ दिस झाले बाई, आडवं पडून खायचं. घास उतरत न्हाई. जलमभर मांडी घालून जेवले." सरजाबाईनं आवाज आणखी खाली आणला. "पयल्या दिशी चादर खराब झाली माझ्याच्यानं. तवापासनं बसू देईनात. सजाच दिली म्हना. आता न्हाई होत तसं, पर सांगावं कुनाला?"

केवळाबाईला वहीतलं खुब्याचं कार्ड आठवलं. "खुब्याचं आपरेशन हाय ना तुमचं?"

"हाव."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का? आत नवा सांधा बसवलाय. मांडी घातली, लई वाकलं, तर निसटू शकतो. म्हून बसू देत न्हाईत. चादरीचा काही संबंध न्हाई."

सरजाबाईनं गुडघ्यांमधली उशी चाचपली. मग म्हणाली, "असं हाय व्हय. तुमचं बी झालंय का हे?"

"न्हाई."

"मग तुम्हाला कसं ठाव?"

याला केवळाबाई काय सांगणार होती? की माझी नात रोज दुपारी माझ्या धडधाकट पायाशी बसून, माझ्या हातावर हात ठेवून, इंग्रजीतून मला हे समजावते? जिचा सांधा खरा बदलला तिला आठ दिवस सजा वाटत राहिली, आणि जिला काही झालं नाही तिच्या वहीत दोन ओळींत उत्तर लिहिलेलं. ती उठली आणि नातीकडं न बघता जिना उतरली.

रस्ताभर ती स्वतःशी बोलत होती. चोवीस वर्षांपूर्वी नवरा, श्रीमंत त्याचं नाव, आजारी पडला तेव्हा तिनं असाच एक दवाखाना पाहिला होता. कारकुनानं तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. हे काय आहे, असं तिनं विचारलं तर "तुला काय कळणार, बाजूला हो" म्हणाला. पेशंटला स्वतःच्या मर्जीनं घरी नेत आहे, असं त्या कागदावर होतं, हे तिला श्रीमंत गेल्यावर दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. त्यानंतर अंगणवाडीत बायकांचा वर्ग निघाला आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. लोक म्हणायचे, केवळाबाईला शिकायची हौस. हौस कसली. तिनं एक एक अक्षर रागानं गिरवलं होतं.

वर्षाराणी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, झोपली, दुपारी उठली. चहा घेतला आणि कार्डं काढून खुर्ची मध्ये ओढली.

"बस आजी. दोनच दिवस राहिले."

केवळाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, तशीच राहिली.

"काय झालं? काल डबा ठेवून तशीच निघून आलीस."

"त्या सरजाबाईला पाय का दुमडू देत न्हाईत, हे तिला कुणी सांगितलं?"

वर्षाराणीला क्षणभर समजलं नाही. "ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सांगतात सगळ्यांना."

"काय सांगतात? तोंड उघड, हात दे? तिला वाटून राहिलं, चादर खराब केली म्हून सजा दिली. आठ दिवस. मला मातर ठाव हाय का न्हाई बसू देत ते. मला ठाव हाय, वर्षे. माझा कोणता सांधा बदललाय?"

"आजी, मला सराव करायचाय."

"तिच्यावर कर. जिती बाई हाय तिथं, खाटंवर. गोऱ्या बाईला बसता येईल का म्हणायचं, मर्जी तुमची म्हणायचं, आन् आपल्या बाईला ए सरजाबाई?"

"तू पण मला ए म्हणतीस. आमच्याकडं आईला बी तूच म्हणतात."

"माझा तू घरातला हाय. तुझा तो तू कुठला होता ते तुला ठाव हाय. मला शिकवू नको."

वर्षाराणीनं कार्डं खाटेवर टाकली. तिचा आवाज चढला नाही. उलट उतरला, आणि तेच जास्त लागलं.

"बत्तीस खाटा हायेत आजी. आम्ही दोघी. काल मी एकटी. एकाला खाली बसून, हात धरून समजावलं तर पाच मिनिटं जातात. बत्तीस पंचे किती? तोवर सलाइन संपून रक्त वर चढतंय नळीत. मऊ बोललं की नातेवाईक म्हणतात, जरा थांबा, बघू. वरडलं की पाय सरळ होतो. त्यातून मोठे डॉक्टर मला काय म्हणतात माहीत हाय? ए पोरी, ट्रे आण. एवढंच. पाच वर्षांत नाव न्हाई घेतलं. तिकडं चौघा-पाचांमागं एक नर्स असती. पाच जणांशी मी बी गोड बोलेन."

केवळाबाईनं खाली घसरलेलं एक कार्ड उचललं.

"आणि तू म्हणून राहिलीस मला," वर्षाराणी म्हणाली. "शेण काढ. पाणी आण. शाळंतून आल्यावर कधी विचारलंस, येईल का गं जमायला? यू मस्ट आणि यू मस्ट. कुठून आणू मी कुड आणि माइट? घरात कुणी बोललं का तसं माझ्याशी?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिनं स्वतः सासूकडून हुकूमच ऐकले होते, सुनेला तेच दिले होते आणि नातीलाही. पण राग काही निवला नाही. आता त्यात तिची स्वतःचीही वाटणी पडली, एवढाच फरक.

"न्हाई विचारलं," ती म्हणाली. "चुकलंच ते. म्हून त्या बाईचं बरोबर होतंय का?"

"मी कुठं म्हणाले बरोबर हाय?"

"मग तिला जाऊन सांग. तुझ्या तोंडानं. मी सांगून उपेग न्हाई, मी कोण तिची? तवर मी ह्या खुर्चीत बसणार न्हाई."

"शनिवारी परीक्षा हाय, आजी."

"मला कळतंय शनिवार."

त्या दुपारी वर्षाराणी रिकाम्या खुर्चीशी बोलली. खुर्चीला विचारलं, भीती वाटतेय का. केवळाबाई चुलीसमोर बसल्यासारखी गॅसकडं तोंड करून कांदा चिरत राहिली आणि एकही शब्द वहीत उतरवला नाही.

शुक्रवारी ड्यूटीवरून आल्यावर वर्षाराणीनं पिशवी भरायला घेतली. संध्याकाळी हैदराबादची गाडी होती. चपला घालताना ती पाठमोरीच म्हणाली, "सांगितलं तुझ्या सरजाबाईला."

"काय म्हणली?"

"रडली."

"आन् तू?"

"अकरा नंबरची सलाइन संपली होती." ती जरा थांबली. "मराठीत लई अवघड जातं ते. तोंडातनं निघंचना. दोन बार सुरुवात केली."

केवळाबाईनं तिच्या पिशवीत डबा ठेवला. तोंडावरून हात फिरवावा असं मनात आलं, पण तोवर पोरगी जिन्यात होती.

तीन आठवड्यांनी निकाल आला. वर्षाराणी पास झाली, आणि सगळ्यांत जास्त गुण बोलण्यात. रविकिरण सरांनी तिचा फोटो क्लासच्या दारावरच्या फलकावर लावला. बजरंगनं गावभर पेढे वाटले. नोकरी सोडून ती कागदपत्रांसाठी दिल्लीला गेली. मागं एकच काम राहिलं, दवाखान्यातून अनुभवाचा दाखला आणायचं. तिनं चार खेपा घातल्या होत्या. मोठे डॉक्टर आज या, उद्या या करत होते. दसरा तोंडावर होता, बजरंगला झेंडूच्या तोडणीतून मान वर करायला फुरसत नव्हती. केवळाबाई म्हणाली, मी जाते.

वॉर्डाच्या दारात ती थांबली. सगळ्या खाटा भरलेल्या. मधून वर्षाराणीच्या जोडीची उज्ज्वला, एकदोनदा खोलीवर येऊन गेलेली, ती खुपसणारी, ट्रे घेऊन पळत होती. तिच्या गळ्याची शीर फुगली होती.

"ए मामा, हात हलवू नको म्हटलं ना. ए बाई, उतरायचं न्हाई खाली."

केवळाबाई तिला आडवी झाली. "पोरी, हळू बोल की जरा."

उज्ज्वला थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तुमची नात गेली आजी, मऊ बोलायला. तिच्या जागी कुणी घेतलं न्हाई. आता मीच एकटी हाय. तुम्ही सांगा, हळू कसं बोलू?" आणि ती गेली.

केवळाबाई उभी राहिली. पोरगी पास व्हावी म्हणून तिनं सव्वा महिना आजार काढले होते. पोरगी शिकली, आणि शिकली ती गेली. मागं बत्तीस खाटांवर एक घसा उरला. आता रागावायचं कुणावर? नातीवर? या पोरीवर? खाली डॉक्टरांच्या खोलीला काचेचं दार होतं. ते ढकलून ती आत गेली आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसली.

मोठ्या डॉक्टरांनी मोबाइलमधून वर पाहिलं. "काय गं?"

"वर्षाराणीची आजी. तिचा दाखला पाहिजे. आन् तिच्या जागी नर्स कधी येणार ते सांगा."

"नर्सचं तुला काय करायचंय? तुझा कोण ॲडमिट आहे का?"

"न्हाई."

"मग उठ. बाहेर थांब, बोलावतील."

"उठते," केवळाबाई म्हणाली. "पर असं न्हाई. नीट म्हणा. मराठीत येत नसंल तर इंग्रजीत म्हणा, मला कळतंय."

डॉक्टरांचं तोंड लाल झालं. "काय बोलतेस तू?"

"इंग्रजीत हे म्हणायच्या चार तऱ्हा हायेत. मी वहीत उतरून घेतल्यात. तुमच्या पगारी पोरीनं शिकवल्या मला, पाच वर्षं हितं होती ती. तुम्हाला ए पोरी एवढंच ठाव. तिचं नाव लिहा दाखल्यावर, वर्षाराणी बजरंग. आन् वर एकटी पोरगी मरून राहिली, तिच्या जोडीला माणूस द्या. तवर मी हितं बसते. हात लावायचा न्हाई मला."

डॉक्टरांनी टेबलाच्या कडेचं, वॉर्डातल्या नर्सला बोलवायचं बटण दाबलं. वर कुठंतरी घंटा वाजली. ते दाराकडं बघत राहिले. केवळाबाईनं पदर सारखा केला आणि तीही दाराकडं बघू लागली.

कुणी आलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी बोट उचललंच नाही. घंटा वरच्या मजल्यावर, खाटांच्या दोन रांगांमध्ये, वाजत राहिली.

"येणार न्हाई ती," केवळाबाई म्हणाली. "तिला फुरसत न्हाई."